पियानोचा आवाज आणि पाण्याची उंची

रविवार, १० मे १९५९, दुपारचे तीन वाजून पाच मिनिटे. राजा पार्क वस्तीतल्या भाड्याच्या घरात आई पियानोपुढे बसली होती आणि मी जमिनीवर, वही उघडून. वरच्या मजल्यावर घरमालक होते, हृदयविकारातून नुकतेच उठलेले निवृत्त न्यायाधीश. डॉक्टरांनी त्यांना दिवसभर पडून राहायला सांगितले होते, त्यामुळे वाजवायला सोयीची वेळ उरलीच नव्हती. आदल्या संध्याकाळी त्यांनी निकाल कळवला: आणखी एकदा झोपमोड झाली, तर सोमवारी पियानो घराबाहेर.

पियानो आपोआप वाजणारा होता. पायाने भाते मारले की छिद्रांची कागदी गुंडाळी फिरे, हवा आत ओढली जाई आणि पट्ट्या स्वतःच दबत. मनगट मोडल्यापासून आईची बोटे वळत नव्हती. तिला वाजवता येईल असे हे एकच वाद्य राहिले होते. पण वर्षानुवर्षे पायपेटी वाजवलेल्या तिच्या पायांना हळू चालणे ठाऊक नव्हते. मी पियानोमागे दोन रजया कोंबून पाहिल्या होत्या. सूर बोथट झाले, धक्के तसेच राहिले. तेव्हा आवाज उगमापाशीच मोजायचे ठरवले. एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेतून यू-नळी मागून आणली, तिच्यात पाणी भरले आणि ती भात्याला जोडली. हवेची ओढ जितकी जास्त, तितका दोन बाजूंच्या पाण्यातला फरक जास्त, आणि तितकाच तारांवर पडणाऱ्या हातोड्यांचा आघातही.

"हा पियानो आहे की पेशंट?" आई म्हणाली.

"बारा सेंटिमीटरच्या वर जाऊ नकोस."

बारावर आवाज कुजबुजीइतका झाला. खर्जातले काही सूर मात्र उमटेनात. एवढ्याशा ओढीने जड हातोडे हलत नव्हते. हा तोटा मी मान्य केला. आवाज कमी म्हणजे त्रास कमी, हे समीकरण तपासावे असे मला वाटलेच नव्हते.

जिन्यावर पावले वाजली. आईचे पाय थांबले. दारात मालकीणबाई उभ्या होत्या.

"बाईसा, जजसाहब उठकर बैठ गए हैं."

आई गुंडाळी काढू लागली.

"पूछ रहे हैं, ये बीच-बीच में सुर खा क्यों जाता है? एक छूटता है तो उसी की राह देखते रहते हैं. नींद कैसे आए?"

"मतलब, जोरात वाजवू?" आईने मलाच विचारले.

"ज़ोर से नहीं, बहनजी. पूरा."

त्या वर गेल्या. आम्ही एकेक सेंटिमीटर चढत गेलो. सोळावर अजून दोन सूर गळत होते, अठरावर एक. आईच्या कपाळावर घाम होता. नजर मात्र पाण्यावरून ढळली नाही. पुढच्या पातळीवर तिने पूर्ण गुंडाळी वाजवली.

चार वाजता मालकीणबाई अनवाणी खाली आल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "सो गए."

मी नोंद केली: एकोणीस सेंटिमीटर.