अंजनाचे वल्हे

शेलूबाजारला माझ्या भाड्याच्या खोलीत एका भिंतीवर वल्ही टांगलेली असत. डोंगा माझ्याकडे नव्हता. घरमालक येणाऱ्या-जाणाऱ्याला खोली दाखवत आणि सांगत, "हे पेपरवाले भाऊ. घोडा नाही, पन लगाम जमा करून राह्यले."

सत्तरीच्या दशकातली ही वर्षे. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते आणि मी अकोल्याच्या एका दैनिकाचा वार्ताहर होतो. पूर, पीकपाणी, वाहून गेलेले रस्ते अशा बातम्यांसाठी नदीकाठी जावे लागे, आणि पुष्कळदा नदीपलीकडेही. रिसोडच्या बाजूला पैनगंगा चढलेली असताना एका भोयाने मला डोंग्यातून पार नेले. त्याचे वल्हे बाभळीचे, आखूड, रुंद पात्याचे होते. धारेत खडक समोर आला की तो तेच वल्हे खडकाला टेकवून डोंगा बाजूला ढकली. त्याच वर्षी एका गावतलावात शिंगाडे काढणारा माणूस पाहिला. त्याच्या वल्ह्याचे पाते जेमतेम चार बोटे रुंद होते. कारण विचारले तर म्हणाला, "रुंद घातलं त वेल गुंडाळते न. मंग वल्हं सोडवू का शिंगाडे तोडू?" पाणी बदलले की हत्यार बदलते, एवढीच गोष्ट होती. तिची बातमी झाली नाही. मी त्याला वल्हे विकत मागितले.

तो हसला. वल्हे विकत नाहीत. त्या भागातल्या भोयांत रीत अशी की वल्हे विकायचे नाही, उसनेही द्यायचे नाही. घरातले वल्हे बाहेर गेले तर त्याच्या बदल्यात दुसरे घरात आले पाहिजे. आलेले वल्हे पाण्यात चालणारे हवे. शोभेचे घेत नाहीत. त्यामुळे मला आधी बाजारातल्या सुताराकडून वल्ही करून घ्यावी लागली, आणि ती चांगली झाली की नाही हे कळावे म्हणून वल्हवायला शिकावे लागले. दोन-तीन वर्षांत हात बसला. तलावात बसून, दोन्ही बाजूंना आलटून पालटून मारायचे वल्हे छातीपर्यंत उंच असावे. नदीत उभ्याने चालवायचे असेल तर डोक्याच्या वर जावे. सालईचे लाकूड हलके, पण लवकर झिजते. सागवान तरंगते आणि टिकते. बाभूळ ठोकर सोसते.

अंजनाचे वल्हे मी एकाच माणसाकडे पाहिले. अडाण नदीच्या खोऱ्यातल्या एका लहान नदीवर त्याचा उतार होता, म्हणजे लोकांना पार नेण्याचे काम. त्याच्या वडिलांनी ते केले होते. लाकूड काळपट, लोखंडासारखे जड, आणि दांड्याच्या टोकाला खरोखरच लोखंडी टोपी. धारेत पात्याने वल्हवायचे, उथळात उलटे करून दांडा नदीच्या बुडाला रोवायचा आणि डोंगा पुढे रेटायचा. अंजन पाण्यात बुडते. नदीत त्याने काही बिघडत नसे. हातातून सुटले तर कमरेइतक्या पाण्यात उतरून उचलून आणता येई. मी बदल्यात काहीही देऊ केले तरी तो नाही म्हणे. "बापाचा हात हाय त्याच्यावर. तुमी दुसरं काईबी मांगा, डोंगा मांगा."

मग त्या नदीवर धरण झाले. पहिल्याच पावसाळ्यात दोन काठांवरच्या दोन गावांच्या मध्ये रुंद पाणी उभे राहिले. त्याचे शेतही त्याखाली गेले. डोंगा त्या पाण्यात चालेना. उभ्याने रेटायला बूड लागत नव्हते आणि पश्चिमेचा वारा सुटला की लाटा आत येत. दोन्ही गावांनी मिळून एक पत्र्याची नाव आणली. ती कोणी चालवायची, यावर पंचांत दोन मते पडली. दुसऱ्या एका मोठ्या जलाशयावर मासेमारी केलेला एक तरुण तयार होता. आमच्या उतारवाल्याला दुसरे काम येत नव्हते, आणि शेत उरले नव्हते. शेवटी ठरले की पोळा झाल्यावर बाजाराच्या दिवशी दोघांनी एकेक खेप करून दाखवावी. ज्याची खेप नीट होईल, नाव त्याची.

आदल्या दिवशी मी त्याच्याकडे गेलो. सोबत एक सागवानी वल्हे नेले होते, रुंद पात्याचे, मोठ्या तलावावरच्या एका माणसाकडून बदल्यात मिळालेले. बसून चालवायचे. "उद्यापुरते घ्या," असे मी म्हणालो. त्याने ते हातात धरले, दांड्याचा तोल पाहिला, आणि परत दिले.

"उसनं चालत नाही, भाऊ. घेतलं त बदल्यात द्या लागते. अन् देऊ काय? घरात हे एकच हाय."

त्याची बायको चुलीजवळून म्हणाली, "द्या न मंग ते! सासऱ्याचं वल्हं उरावर घेऊन काठावर बसा उद्यापासून. लेकराईले तेच उकडून घालतो मी."

"तू चूप राय."

"मी चूपच हाव. पानी बोलीन उद्या."

तो उठून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी तरुणाची खेप आधी झाली, चांगली झाली. मग हा निघाला. नावेत बाजाराला जाणारी पाच-सहा माणसे होती. त्यांत एक माळीण, वांग्यांच्या दोन टोपल्या घेऊन. मी मागच्या बाजूला बसलो. माझे वल्हे पायाशी आडवे. त्याच्या हातात अंजनाचेच होते.

काठ सुटेपर्यंत ठीक चालले. मध्यावर वारा आडवा आला आणि नाव फिरू लागली. तो उभा राहून वल्हवत होता. उंच आणि जड वल्ह्याने त्याची दमछाक होत होती.

माळीण म्हणाली, "दादा, बाजार इकडे हाय. तुमी आमाले पोहरादेवीले नेता का?"

कोणी तरी हसले. "बस माय," तो म्हणाला, "आता धुरा येते माह्या वावराचा. तिथं पानी कमी हाय. एक रेटा देतो न सरळ करतो."

धुरा म्हणजे शेताचा बांध. पाण्याखालचा प्रत्येक बांध त्याला ठाऊक होता. पलीकडचा कडुलिंब आणि अलीकडची टेकडी यांच्या रेषेवरून त्याने जागा धरली. जागा बरोबर असावी. आठवड्यापूर्वी तिथे बूड लागलेही असेल. पण मधल्या पावसाने पाणी वर आले होते. त्याने वल्हे उलटे केले आणि पूर्ण अंग टाकून खाली रोवले. खाली काही नव्हते. हात खांद्यापर्यंत पाण्यात गेला, नाव त्या बाजूला कलली, वांगी सांडली. मागच्या माणसाने त्याची कंबर धरली. तो वर आला तेव्हा हात रिकामा होता.

नाव आडवी झाली होती आणि लाटा आत येत होत्या. मी माझे वल्हे त्याच्यापुढे धरले. त्याने ते घेतले नाही. पाण्याकडे पाहत राहिला.

माळीण म्हणाली, "घे न रे बापा! वांगे गेले, आता मले बुडवतं का?"

"हे घेतलं त बदला झाला," तो मला म्हणाला. "माहं खाली गेलं ते तुमचं. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो.

तो खाली बसला आणि वल्हे घेतले. पहिले काही हात वाकडे पडले, मग बसले. नाव वाऱ्याला तोंड करून उभी राहिली आणि कडुलिंबाकडे निघाली. परतीची खेप त्याने एकदाही उभे न राहता केली.

पंचांनी बराच वेळ घेतला. वांगी सांडली, ही त्याच्याविरुद्धची बाजू होती. पण मध्यावर फिरलेली नाव त्याने सरळ केली, हे माळणीनेच सांगितले, आणि वर म्हणाली, "वांग्याचं मी पाहून घेईन त्याच्या बायकोसंग." नाव त्याला मिळाली. त्या तरुणाला पुढे सणासुदीच्या गर्दीला मदतीस बोलावू लागले. मी पाठवलेली बातमी दोन ओळींची छापून आली: दोन गावांमध्ये नावेची सोय झाली. त्यात वल्ह्याचा उल्लेख नव्हता.

माझ्या भिंतीवरची एक खुंटी रिकामी राहिली. उन्हाळ्यात पाणी उतरले. चैत्राच्या शेवटी एका दुपारी तो जीपमधून शेलूबाजारला उतरला. खांद्यावर अंजनाचे वल्हे होते. बांध उघडा पडल्यावर तो चिखलात गेला होता. वल्हे बांधाच्या पोटाशी आडवे सापडले. पात्याला एक चीर होती, लोखंडी टोपी गंजली होती. बाकी जसेच्या तसे.

मी म्हणालो, "घरी ठेवा. वडिलांचे आहे."

"मंग ते सागाचं कोनाचं? तुमचं. अन् लोकाच्या वल्ह्यानं मी लोकाईले पार नेऊ?" त्याने मान हलवली. "बदला म्हनजे बदला."

खुंटी त्यानेच हलवून पाहिली. वल्हे जड, म्हणून दुसरी एक ठोकायला लावली आणि दोन्हींवर आडवे ठेवले. खिडकीतून ऊन कुठवर येते ते विचारले, आणि त्याप्रमाणे वीतभर आत सरकवले.

चहा पिऊन तो चारच्या जीपने परत गेला. संध्याकाळची खेप होती.