जोहडाला वळसा

आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही द्वारकेला राहायला आलो, तेव्हा आमच्या सोसायटीत जेमतेम आठ-दहा कुटुंबं होती. लिफ्ट बसवलेली होती, पण चालू नव्हती. पाण्याचा टँकर यायचा. रस्ते मात्र विमान उतरावं इतके रुंद, आणि त्यांच्यावरून दिवसभरात दोन-चार स्कूटर जायच्या. नव्वदीच्या दशकाचा तो शेवट होता. मला गुडगावात एका नव्या खाजगी कंपनीत नोकरी लागली होती, ऑफिसची गाडी सकाळी न्यायला यायची, आणि मी भलतीच खुशीत होते.

बाबा मात्र खुशीत नव्हते. ते नुकतेच केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले होते. आर. के. पुरमला खाली उतरलं की चार माणसं 'नमस्कार सर' म्हणायची, पार्कात त्यांचा ठरलेला कंपू असायचा. इथे खाली उतरलं की वाळूचे ढीग आणि कुत्री. बाबा गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि एकच पेपर दोनदा वाचायचे.

आईचं वेगळंच होतं. ती सोलापूरकडच्या शेतकरी घरातली. लग्न होऊन दिल्लीत आली त्याला तीस वर्षं होऊन गेली होती, पण घराबाहेर ती फारसं बोलत नसे. तिचं हिंदी मराठी वळणाचं आहे, लोक हसतात, असं तिच्या मनानं घेतलं होतं. भाजीवाल्याशीसुद्धा बाबाच बोलायचे.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी दोघांना बळेच बाहेर काढलं. "चलो, थोडं फिरून येऊ. ऊन किती छान पडलंय."

"कुठे फिरणार? रस्ता सरळ जातो आणि सरळ परत येतो," बाबा म्हणाले.

"मग मागच्या गेटानं जाऊ, आणि गोल फिरून पुढच्या गेटानं येऊ."

ही कल्पना बाबांना पटली. आल्या वाटेनं परत जाणं त्यांना कधीच आवडत नसे. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, वर स्वेटर, पायात पॉलिश केलेले बूट, आणि आम्ही निघालो.

मागच्या गेटाबाहेर नव्या इमारतींच्या पायाचे खड्डे खणून ठेवलेले होते. त्यांच्या कडेनं गेलं की कीकरचं रान लागायचं, ज्याला आई वेडी बाभूळ म्हणते. रानातून एक पायवाट गेली होती. टिटव्या ओरडत होत्या. डोक्यावरून विमानं इतकी खाली यायची की त्यांची चाकं नीट दिसायची, आणि आई प्रत्येक वेळी पदर सावरायची. कीकर संपले आणि आम्ही तिघंही थांबलो. समोर लांबवर गहू होता, कोवळा, वाऱ्यानं एका बाजूला झुकलेला. पलीकडे मोहरीचा उरलासुरला पिवळा रंग. सोसायटीच्या पाठीमागे, इतक्या जवळ हे सगळं होतं आणि आम्ही तीन महिने गॅलरीतून फक्त समोरची क्रेन बघत होतो.

जमीन सरकारनं कधीच घेतलेली होती, पण रस्ता येईपर्यंत गावकरी पेरत होते. आई पुढे झाली. शेतातून चालायचं कसं हे तिला सांगावं लागलं नाही. चप्पल हातात घेऊन ती भराभर निघाली. मी मागून म्हटलं, "आई, त्या मेंडवरून चल ना."

"मेंड काय गं? बांध म्हण. बांध."

दिल्लीत वाढल्यानं माझे असे कितीतरी शब्द हरवले होते. ते हरवलेत हेही मला ती म्हणेपर्यंत कळायचं नाही.

बांधानं चालत आम्ही एका तळ्याशी आलो. त्या भागात गावतळ्याला जोहड म्हणतात. म्हशी पाण्यात बसल्या होत्या, काठावर वडाचं झाड आणि एक जुनी विहीर होती. इथून गोल वळायचं कुठे, यावर बाबांचं आणि माझं जमेना. ते म्हणत डावीकडे, मी म्हणे उजवीकडे. आमची सोसायटी कीकरच्या मागे दिसेनाशी झाली होती.

तेवढ्यात धुराचा वास आला. जवळच्या शेताच्या कडेला एक बाई बसली होती. आईच्याच वयाची, थोडी मोठी असेल. घागरा, वर मर्दानी सदरा, डोक्यावर ओढणी. पुढ्यात काटक्यांचा जाळ, आणि त्यात ती हरभऱ्याचे डहाळे भाजत होती. आम्हाला बघून तिनं विचारलं, "घूमण आए हो के राह भूल गे?"

"घूमने निकले हैं," बाबा ताठ उभे राहून म्हणाले.

ती हसली. तिला दोन्ही उत्तरं दिसत होती. मग तिनं आईकडे बघितलं. आई जाळाकडे बघत होती.

"आ बेबे, बैठ ज्या. होले खा ले."

बेबे म्हणजे बहीण, हे मला माहीत होतं. पण होले म्हणजे काय हे मला कळायच्या आत आई त्या मातीत बसलीसुद्धा. तिनं राखेतून घाटे वेचले, तळहातावर चोळले, फुंकर मारली आणि तोंडात टाकले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं, हा हुळा. होले म्हणजे हुळा. आमच्याकडे शेतात असाच करायचे." आणि त्या बाईला तिच्या हिंदीत सांगायला लागली, "हमारे गाव में इसको हुळा बोलते. हुळा."

"हुळा," ती बाई म्हणाली. तिचा ळ अगदी स्वच्छ होता. हरियाणवी बोलणाऱ्यांना ळ येतो. आईला याचा इतका आनंद झाला की तिनं तिला तो शब्द पुन्हा म्हणायला लावला.

पुढचा अर्धा-पाऊण तास आई बोलत होती. इतक्या वर्षांत मी तिला अनोळखी माणसाशी इतकं बोलताना पाहिलं नव्हतं. पहाटे हरभऱ्यावर कापड पसरून आंब धरायची, ते आंबट पाणी पोटदुखीवर द्यायचं, हे ती सांगत होती. त्या बाईचं हरियाणवी आणि आईचं सोलापुरी हिंदी, दोघींनाही अर्धंच कळत असणार, पण दोघी मान डोलवत होत्या. मी बाबांना घाटे सोलून देत होते. ते आधी नको म्हणाले, मग रुमाल अंथरून बसले, मग रुमाल विसरले. सगळ्यांचे ओठ आणि बोटं काळी झाली.

निघताना आई म्हणाली, "अच्छा बहनजी, आते हम."

"बहनजी तो स्कूल में हो सै," ती म्हणाली. "बेबे कह." मग बाबांकडे बोट दाखवून, "अर यो म्हारा जीजा."

तिनं वाट दाखवली. जोहड उजव्या हाताला ठेवून पूर्ण वळसा घालायचा, विहिरीवरून पुढे जायचं, की पाण्याच्या टाकीपाशी पक्का रस्ता लागतो. त्या रस्त्यानं आम्ही पुढच्या गेटाशी पोहोचलो. गेटावरच्या चौकीदारानं आमचे काळे हातपाय आणि तोंडं बघितली आणि आडवा हात धरून विचारलं, "किससे मिलना है?" बाबा ताठ झाले. मला वाटलं, आता रागावणार. पण ते हसायला लागले, आणि जिने चढून वर येईपर्यंत हसत होते.

त्यानंतर दर रविवारी आमची ती फेरी ठरली. हळूहळू सोसायटीतले आणखी लोक यायला लागले. सगळ्यात आधी आली खालच्या मजल्यावरची एक मराठी ख्रिस्ती बाई. ती सरकारी हॉस्पिटलातून निवृत्त झालेली सिस्टर होती, मूळची नगरची. ती थर्मासमध्ये कॉफी आणायची. बाबा सगळ्यांना वाट समजावून द्यायचे, आणि आई कुणाचं न ऐकता पुढे निघून गेलेली असायची. उन्हाळ्यात आम्ही पहाटे निघायचो. एकदा कीकरच्या रानात नीलगायींचा कळप आडवा आला. बाबांनी सगळ्यांना हातानं थांबवलं आणि त्या जाईपर्यंत ट्रॅफिक पोलिसासारखे उभे राहिले.

बेबे शेतात नसली तर जोहडाच्या काठी असायची. तिची एक सून घरी होती, मुलगा बस चालवायचा. तिनं बाबांना जीजा म्हटल्यावर सगळ्या गावच्या बायकांचे ते जीजा झाले. त्या भागात जीजाची थट्टा करायची मुभा असते. कुणी त्यांना विचारायची, जीजा, बेबेला, म्हणजे आईला, कधी पिक्चर दाखवता की नाही. कुणी म्हणायची, जीजाचा शर्ट बघा, रोज नवरदेव. आयुष्यभर साहेब म्हणून वागलेले बाबा पहिल्यांदा लाजले. मग त्यांना ते आवडायला लागलं. रविवारी निघताना ते आरशासमोर जरा जास्तच वेळ उभे राहायचे. "चलो भई," आई दारातून म्हणायची, "जीजाजी, उशीर होतोय."

पावसाळा संपल्यावर बेबे एकदा आमच्याकडे आली. लिफ्ट तेव्हा चालू झाली होती. ती लिफ्टमध्ये आईचा हात घट्ट धरून उभी राहिली. घर बघून झालं, आईनं साबुदाण्याची खिचडी दिली, ती तिनं कौतुकानं थोडी आणि भीतीनं थोडी खाल्ली. मग ती आमच्याबरोबर गच्चीवर गेली. बराच वेळ खाली बघत राहिली. मागचं रान, शेतं, जोहड, गाव, सगळं तिथून दिसत होतं.

"याड़ै म्हारा बाजरा होया करता," ती म्हणाली. आमची बिल्डिंग उभी होती तिथे पूर्वी त्यांची बाजरी असायची.

आई अवघडली. मीही. बेबेनं आमच्याकडे वळून पाहिलं आणि तिला एकदम हसू आलं. "मन्नै बेरा ना था," ती म्हणाली, "के मेरे बाजरे के ऊपर मेरी बाहण रह्वैगी." माझ्या बाजरीवर माझी बहीण राहायला येईल हे मला काय ठाऊक. मग खाली येऊन तिनं आईला विचारून विचारून स्वयंपाकघर, देवघर, बाथरूम पुन्हा सगळं पाहिलं आणि ठरवून टाकलं की देवघर बरोब्बर त्यांच्या शेतातल्या खेजडीच्या, म्हणजे शमीच्या झाडाच्या जागी आहे. ते खरं होतं की नाही देव जाणे, पण आई तेव्हापासून तसंच सांगते.

त्या थंडीत बेबेच्या सुनेला मुलगी झाली. गावात मुलगा झाला की बायका वाजतगाजत विहिरीवर जाऊन पूजा करतात. मुलीसाठी तोवर कुणी केली नव्हती. आईनं मात्र गप्पांच्या ओघात कधीतरी सांगितलं होतं, की माझ्या जन्मानंतर बाबांनी सगळ्या ऑफिसात पेढे वाटले होते आणि बारशाला शेजारचे सहाही क्वार्टर बोलावले होते. बेबेच्या ते डोक्यात राहिलं असणार. एका रविवारी तिनं जोहडावर जाहीर केलं, "मैं पोती का भी कुआँ पूजूँगी." नातीसाठीही विहीर पुजणार. तिच्या जावेनं नाक मुरडलं. बेबेच्या नवऱ्यानं हुक्क्यातून मान वर केली, तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली.

आम्ही सगळी फेरीची मंडळी गेलो. आईनं ठेवणीतली इरकल नेसली होती आणि बांधावरून चालताना निऱ्या हातात धरल्या होत्या. सिस्टरबाईंनी बाळासाठी लोकरीचं टोपडं विणून आणलं होतं, पिवळंधमक. बाबांना पुरुषांच्या बैठकीत खाटेवर बसवलं आणि सुनेच्या बहिणींनी त्यांना खास चहा आणून दिला. त्यात मूठभर मीठ होतं. बाबांनी एक घोट घेतला. दाराआड बायका दबा धरून उभ्या होत्या. बाबांनी शांतपणे सगळा पेला संपवला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "बहुत बढ़िया. एक और मिलेगी?" तो हशा विहिरीपर्यंत ऐकू गेला असेल.

मग बायकांची मिरवणूक निघाली. पुढे बाळंतीण, डोक्यावर कळशी, अंगावर पिवळी ओढणी. विहिरीशी हळदकुंकू झालं, गाणी झाली. मध्येच बेबेनं आईला पुढे ओढलं, "तू भी गा. थारे गाम का गा." आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, नाही म्हणणार. तिनं पदर खोचला आणि बारशाचा पाळणा म्हणायला सुरुवात केली, आधी खालच्या आवाजात, मग मोकळ्या गळ्यानं. कुणाला शब्द कळत नव्हते. पण प्रत्येक कडव्याच्या शेवटचं 'जो जो रे जो' त्यांना लगेच सापडलं आणि तिसऱ्या कडव्यापासून वीस-पंचवीस बायका ते म्हणत होत्या. बाळ झोपलंच नाही. टोपड्यातून टकाटका बघत होतं. शेवटी बेबेनं आईला रिंगणात घेतलं आणि दोघी नाचल्या. आईला नाचता येतं हे मला माहीत नव्हतं. मला वाटतं, तिलाही नव्हतं.

पुढे दोन-तीन वर्षांत रस्ता आला, गव्हाची शेतं नवा सेक्टर झाली, आणि मग मेट्रोचे खांब उभे राहिले. गाव राहिलं, घरं उंच झाली. बेबेच्या मुलानं चार मजले चढवले. जोहडाला कठडा घालून त्याचं पार्क केलं. आईला पहिल्या वर्षी ते बघवेना, नंतर सवय झाली. फेरी चालूच राहिली, फक्त आता फुटपाथवरून. जोहडाच्या कठड्याशी बेबे बाकावर बसलेली असते. दोघींचे गुडघे गेलेत, त्यामुळे हल्ली अर्धा वळसा बोलण्यात जातो.

मागच्या थंडीत मी घरी गेले होते तेव्हा बेबेची नात त्यांच्या दारातच भेटली. कॉलेजात शिकते, जीन्स घालते, मेट्रोनं जाते. मी तिला म्हटलं, "दादी को बोलो, मैं आई हूँ."

"दादी बिझी हैं," ती म्हणाली. "आपकी मम्मी के साथ छत पे होले भून रही हैं. धुएँ से पड़ोसी नाराज़ हैं." आणि मला वर घेऊन गेली.