भरमूचा अर्ज

निपाणीत अर्ज लिहून घ्यावा तर मार्तंडराव मास्तरांकडूनच, असं लोक म्हणत. तीस वर्षं शाळेत अक्षर घोटलेला माणूस. बायको प्लेगात गेली, मुलगी पद्मजा लग्न होऊन लांब गेली, आणि पेन्शन सुरू झाल्यावर रोज दारात येणारा उरला तो एक भाजीवाला. मास्तर त्यालाही व्याकरण शिकवू लागले, तेव्हा तोही बापडा पुढच्या दारी वळायला लागला.

एका गुरुवारी बाजाराला आलेला बोरगावचा भरमू ओसरीवर येऊन बसला. वय चोवीस, तंबाखूच्या वखारीत कामाला, आणि आठ वर्षं जत्रेच्या नाटकात राणीचं काम करणारा. बेळगावात मुक्कामाला आलेल्या एका नाटक कंपनीला स्त्रीपार्टी नट हवा होता. पण आधी अर्ज पाहिजे: वय, उंची, आवाजाची पट्टी, आजवरची कामं.

"मला लिवाय येत न्हाय, मास्तर. जागा एकच हाय. वखारीत मरायचं न्हाय मला. तेवढं लवकर बघा."

मास्तर विचारत गेले आणि भरमू सांगत सुटला. पट्टी काळी दोन. राणी आठ वेळा, सासू एकदा. राणीचा विलाप त्यानं तिथंच करून दाखवला, तेव्हा शेजारच्या राजाबाई कोण गेलं म्हणून धावत आल्या. मास्तर कितीतरी दिवसांनी पोट धरून हसले. त्या दिवशी भरमू तिथंच जेवला.

दुसऱ्या गुरुवारी अर्ज तयार होता, मोत्यांसारख्या अक्षरात. पण मास्तर म्हणाले, "अजून थोडा घासूनपुसून घेऊ." तिसऱ्या गुरुवारी त्यांनी उंची पुन्हा मोजली. चौथ्या गुरुवारी सासूचं काम वर लिहावं की खाली, यात दुपार गेली. मधले सहा दिवस मास्तर पुढचा प्रश्न शोधत बसत. आपण करतोय ते पाप आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण एकट्यानं पान मांडून जेवायचा त्यांना मनस्वी वीट आला होता.

पाचव्या गुरुवारी भरमू आला तो अंगणातच उभा राहिला.

"कंपनीनं माणूस घेतला, मास्तर. चिकोडीचा. त्याचा अर्ज पंधरा दिसांमागं गेलता." मग त्यानं विचारलं, "आपला कवा तयार झालता?"

खोटं बोलणं सोपं होतं. मास्तरांना तेवढंही जमलं नाही.

"दुसऱ्याच गुरुवारी. धाडला की तू यायचा बंद होशील, म्हणून ठेवला."

भरमू अंगणातच उकिडवा बसला.

"एकडाव वाचून दावा."

मास्तरांनी वाचला. भरमूनं मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकलं.

"चांगलं लिवलंय," तो म्हणाला. "असला नट म्याबी घेतला असता."

टोपी घालून तो निघाला. पुढंही तो दर गुरुवारी बाजाराला येई. मास्तर सकाळपासून दार उघडं टाकून बसत, आणि भरमू मागच्या आळीनं जाई.