सासऱ्यांचा जर्मन किल्ला

माझे सासरे गडवेडे. सह्याद्रीतला एखादा किल्ला त्यांनी पाहिला नसेल, तर चूक त्या किल्ल्याची. असा माणूस आमच्या जर्मनीतल्या, त्सुफेनहाउझेनच्या फ्लॅटमध्ये खिडकीशी बसून शेजाऱ्यांच्या कचऱ्याच्या डब्यांचे रंग पाहत होता. शेवटी कंटाळून त्यांनी परतीचं तिकीट अलीकडचं करून द्या म्हणून धोशा लावला.

मला ते जायला नको होते. सासऱ्यांनी राहावं म्हणणारी सून मैत्रिणींना थाप वाटते, पण खरंच. ते आल्यापासून संध्याकाळी माझा लॅपटॉप मिटवून मला चहा पाजणारं घरात कुणीतरी होतं.

म्हणून एका रविवारी, नवरा कामासाठी बर्लिनला गेलेला असताना, मी नकाशात जवळचा बुर्गश्टाल शोधून काढला. बुर्गश्टाल म्हणजे जिथं पूर्वी किल्ला होता आणि आता मातीचा उंचवटा नि खंदक एवढंच उरलंय अशी जागा. यातलं फक्त 'किल्ला' मी बाबांना सांगितलं.

बाबा कॅनव्हासचे बूट, शिट्टी आणि भडंगाचा डबा घेऊन निघाले, मागून मी आणि माझी लेक. बसमधून उतरून शेत ओलांडलं, तर समोर गवताळ टेकाड.

"किल्ला कुठंय?"

"अहो बाबा, हाच."

"आमच्या सोसायटीतली पोरं दिवाळीत याहून उंच करतात."

मग त्यांना पायथ्याशी एक चर दिसला आणि त्यांच्या अंगात आलं. हा खंदक. हा महादरवाजा, इथं बुरूज, शत्रू येणार तो त्या काटेरी झुडपांतून. माझ्या सहा वर्षांच्या लेकीला मराठी समजतं, पण ती उत्तर जर्मनमध्येच देते. तिला त्यांनी किल्लेदार केलं. शत्रू मी. शत्रूनं 'हर हर महादेव' म्हणायचं नाही, अशी ताकीदही मिळाली. मी मुकाट्यानं चढले, वरून ढेकळं खाल्ली, घसरले, पुन्हा चढले. नव्या जॅकेटचं पोतेरं झालं. बाबा शिट्टी फुंकत होते.

तेवढ्यात कुत्रा फिरवायला आलेल्या एक आजी थांबल्या. बराच वेळ आमच्याकडे बघून त्या जर्मनमध्ये म्हणाल्या, बुर्गश्टाल त्या झाडांमागे आहे. हा फुटबॉलचं मैदान करताना काढलेल्या मातीचा ढीग, आणि चर पावसाच्या पाण्यासाठी.

बाबांसाठी मी एखादी बरीशी थाप जुळवू लागले, तोच किल्लेदारीणबाई, कधी नव्हे ते, स्वच्छ मराठीत बोलल्या. "आजोबा, हा किल्ला नाहीये. फुटबॉलची माती आहे."

बाबांनी शिट्टी खिशात टाकली. "किल्ला कधी बाहेरून पडत नाही. आतलाच कुणीतरी फितूर व्हावा लागतो."

आता घरी जाऊन पहिला विषय तिकिटाचाच निघणार.

"त्या आजींना विचार, असे किल्ले इकडे किती आहेत?"

मी विचारलं. आजी म्हणाल्या, जवळपास प्रत्येक गावामागे एखादा असतोच.

बाबा मटकन त्या ढिगावर बसले. "मग मला इतक्यात परत पाठवायची कसली घाई लागलीये तुम्हा लोकांना?"