परकर मागून का उचलतो?

मैत्रिणींनो, आमचं इथलं राज्य वेगळं झालं त्या आठवड्यात हिमायतनगरच्या दर्ज्याकडे शिवायला टाकलेला माझ्या गौरीचा परकर आज आला. शिलाई दोनशे, आणि मागून पुन्हा चार बोटं वर!

मी भांडले. दर्जी म्हणाला, "अम्मा, कपडा सीधा है. बच्ची की कमर देखो."

कंबरेचा आणि घेराचा काय संबंध? धास्तावून तिला तशीच दवाखान्यात नेली.

डॉक्टरांनी तिला पुढे वाकवलं. "उभी असताना कणा कंबरेत जास्तच आत वळतो, म्हणून मागचा भाग बाहेर येऊन परकर उचलतो; पण वाकल्यावर कणा सरळ होतो. ऑपरेशन नको, व्यायाम पुरे."

पाठीवर झोपून, गुडघे उभे करून, दहा मोजेपर्यंत कंबर जमिनीला टेकवून ठेवायची. मी दहा रामनामं मोजते.

"आई, भरभर म्हण, पोट दुखतंय!"

कुणाच्या मुलीनं हे केलंय? कणा किती दिवसांत सुधारला? वाचताक्षणी उत्तर लिहा.