जा म्हणणारीचे प्रश्न

आमच्या कॉलेजात यंदा इंग्रजी शिकवायला एक नवी बाई आली आणि माझ्या वर्गातली पोरं तिच्या तासाला जाऊन बसायला लागली. पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू? चारशे वर्षांपूर्वीचं तेच नाटक आणि त्यातला प्रेमयाचनेचा तोच प्रवेश मी वर्षानुवर्षं शिकवत आलेय. माझ्या तासाला मुलं मोबाइल बघतात, तिच्या तासाचा हशा पार स्टाफरूमपर्यंत येतो. शेवटी एका दुपारी मीही जाऊन मागच्या बाकावर बसले. म्हटलं, बघू तरी काय दिवे लावते.

प्रवेश तसा साधा आहे. तो मागणी घालायला आलाय आणि ती त्याला उडवून लावतेय. मी नेहमी शिकवायचे, की तिला तो मनापासून नकोय. या बाईने एकेक ओळ फळ्यावर लिहिली.

"बघा, ती 'जा' म्हणते. आणि पुढच्याच ओळीत? प्रश्न. पुन्हा 'जा', पुन्हा प्रश्न. ज्याला खरंच घालवायचंय, त्याला कुणी प्रश्न विचारत बसतं का?"

इतक्या वर्षांत मला हे दिसलं नव्हतं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण खरी आग पुढे लागायची होती.

"मला बघायला एक मुलगा आला होता," ती मुलांना सांगू लागली. "इंदिरानगरला, आमच्या घरी. मालेगावच्या अलीकडे हायवेवर स्कूटरवरून पडलेला, डावा हात प्लास्टरमध्ये. मोठ्यांनी आम्हाला बोलायला गच्चीवर पाठवलं. मला नोकरी करायची होती, त्याच्या घरी चालणार नव्हतं. मी म्हटलं, तुम्ही जा. आणि मग मीच त्याला एकेक विचारत बसले. खाली पोहे गार झाले, आई दोनदा हाक मारून गेली. नकार मीच कळवला. पण आज हा प्रवेश वाचताना वाटतं, मला तो आवडला होता."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी बाकाची कड धरून बसले होते. तोच प्लास्टरचा हात पुढच्याच आठवड्यात गंगापूर रोडला आमच्या घरी आला होता. गच्चीवर त्याने मला विचारलं होतं, "स्कूटर येते का?" मी मान हलवली आणि आम्ही खाली आलो. किती समजूतदार मुलं, म्हणून मोठ्यांनी कौतुक केलं होतं.

संध्याकाळी नवरा मटार सोलत बसला होता. मी समोर बसले आणि सरळ विचारलं, "इंदिरानगरची ती मुलगी आठवते? हात प्लास्टरमध्ये होता तेव्हाची?"

वाटलं, कुठली म्हणेल. पण त्याचे हात थांबले, आणि तो हसला. "तुला कुठे भेटली?"

"आमच्याच कॉलेजात असते. एवढं काय बोलत होतात तिच्याशी?"

"मी कुठे? तीच विचारत होती."

"आणि मी?"

"तू काहीच विचारलं नाहीस. मला तर वाटलं, तुला मी पसंत नाही. मग तुमच्याकडून होकार आला."

"पसंत नाही? अहो, जीभ टाळ्याला चिकटली होती माझी! इतके आवडला होतात!"

"ते मला कसं कळणार?" तो म्हणाला. त्याचंही बरोबरच होतं, म्हणून तर जास्त झोंबलं.

"तिने काय काय विचारलं?"

"बरंच काही. तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते, असंही विचारलं. बघायला आलेल्याला असं कुणी विचारतं का?"

"मग काय सांगितलंत?"

"खरं काय ते सांगितलं." त्याने पुढची शेंग उचलली. "जाऊ दे गं. आता काय त्याचं?"

मी पुन्हा विचारलं. तो नुसता हसला आणि सोललेले दाणे घेऊन स्वयंपाकघरात गेला. मला कुकर लावायचा होता, पण उठवेना. माझ्या नवऱ्याला कशाची भीती वाटते, हे आता मला स्टाफरूममध्ये तिलाच विचारावं लागणार.