आत्याकडचा फ्लू

आजारी माणसाला बरं होऊ न देण्यात माझ्या आत्याचा हात धरणारं कुणी मी पाहिलं नाही. औषधपाण्यात ती तसूभरही कमी पडायची नाही; तिचं वाकडं होतं ते फक्त बरं होण्याशी. आतोबा गेल्यापासून मीरा रोडच्या फ्लॅटमध्ये ती एकटीच राहायची. मी अंधेरीला मित्रांबरोबर खोली घेऊन नोकरी करत होतो. फ्लूने आडवा झालो, तेव्हा फोनवर माझा आवाज ऐकला मात्र, बाई येऊन मला घेऊनच गेली.

थर्मामीटरवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. "त्या काचेला काय कळतंय," म्हणत ती कपाळाला हात लावायची, आणि तो हात ताप नेहमी चढाच सांगायचा. वाफारा असा द्यायची की घुसमटून मीच अशक्तपणा कबूल करायचो. मऊ भात, मेतकूट, वर तुपाची धार, हे सकाळ-संध्याकाळ. मी चांगला बाळसं धरत होतो आणि आत्या शेजारच्या भाभींना सांगत होती, "देखो ना, इतनासा मुँह हो गया है इसका."

खालच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "अम्मा, बुखार तो उतर गया."

"उतरा है डॉक्टरसाब, गया कहाँ है?"

डॉक्टरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने आणखी दोन दिवस विश्रांती लिहून दिली. ते दोन दिवस संपले, तर हिने माझी एकुलती एक पँट भिजत घातली. पँट वाळेस्तोवर आत्या रात्री उशिरापर्यंत आतोबांच्या गोष्टी सांगत बसली. इतकं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. मलाही निघावंसं वाटेना.

शेवटी ऑफिसातून फोन आला. त्या सकाळी तिने डबा भरला, माझी कॉलर सारखी केली आणि मी शेअर रिक्षात बसल्यावर खाली वाकून म्हणाली, "पुढच्या वेळी आजारी पडायची वाट नको बघूस रे. बरा असतानाच ये."

मग मी रविवारी धडधाकट जायला लागलो. दारातच ती "डोळे ओढलेले दिसतायत तुझे" म्हणायची, मी हो म्हणायचो आणि मुक्काम करायचो.

आता आत्या नाही. फ्लू होतो, गोळ्या घेतो, तिसऱ्या दिवशी कामावर जातो. इतक्या लवकर बरं व्हायचं अगदी जिवावर येतं.